ग्रहांच्या पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षणाची तुलना कशी करावी: टप्पे, पडताळण्या आणि नेहमीच्या चुका

शनीचं गुरुत्व त्वरण, म्हणजे तिथे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो ते, किती? एका तक्त्यात १०.४४ सापडेल, दुसऱ्यात ८.९६, आणि स्वतः गणित मांडलंत तर कदाचित ११.१९ येईल. पृथ्वीचं साधारण ९.८ धरलं, तर पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याप्रमाणे शनीवर माणूस जड होतो, दुसऱ्याप्रमाणे हलका. गंमत म्हणजे तिन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त ते एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीत.

ग्रहांची तुलना फसते ती बहुतेकदा इथेच. सूत्र सोपं असतं, गुणाकार-भागाकारही जमतात, पण एका ग्रहाचा आकडा एका रीतीने काढलेला आणि शेजारच्या ग्रहाचा दुसऱ्याच रीतीने, असं मिश्रण होतं. म्हणून खालच्या टप्प्यांचा क्रम मोडू नका. पहिले दोन टप्पे कंटाळवाणे वाटले तरी अर्ध्याहून जास्त चुका तिथेच टळतात.

(लेखात त्वरणाचे सगळे आकडे मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात आहेत. दर वेळी एकक लिहिलेलं नाही.)

## टप्पा १: नेमकं काय मोजायचं ते आधी लिहून काढा

गणिताला हात लावण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहा.

पहिली: पृष्ठभाग म्हणजे कुठला? बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ यांना पाय ठेवायला घट्ट जमीन आहे. गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून यांना नाही. या चौघांसाठी वातावरणाचा दाब १ बार असतो ती पातळी पृष्ठभाग मानायची, असा खगोलशास्त्रातला संकेत आहे. १ बार म्हणजे ढोबळमानाने पृथ्वीवर समुद्रसपाटीला असतो तेवढा दाब. तिथे उभं राहता येत नाही, त्यामुळे ‘गुरूवर उभं राहिलो तर’ हे वाक्य कल्पनेतच ठेवा. तुलना मात्र या पातळीवर करता येते.

दुसरी: ग्रहावरची जागा कोणती? विषुववृत्त, ध्रुव की सरासरी? पृथ्वीवर हा फरक किरकोळ आहे: विषुववृत्तावर ९.७८०, ध्रुवावर ९.८३२. शनीवर तोच फरक विषुववृत्तावर सुमारे ९ आणि ध्रुवाजवळ सुमारे १२ इतका होतो.

तिसरी: निव्वळ ओढ हवी आहे की जाणवणारं वजन? ग्रह स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे विषुववृत्तावर वजन थोडं कमी जाणवतं. ही घट वजा केलेला आकडा आणि न केलेला आकडा, दोन्ही छापले जातात, आणि पुष्कळदा दोघांवर ‘गुरुत्व’ एवढंच लिहिलेलं असतं.

इशारा: या तिन्हींपैकी कुठलाही पर्याय निवडा, पण तक्त्यातल्या प्रत्येक ग्रहाला तोच लावा. पृथ्वीलाही.

## टप्पा २: आकडे जमवा, आणि त्रिज्या नीट ओळखा

प्रत्येक ग्रहाचे दोनच आकडे लागतात: वस्तुमान आणि त्रिज्या. वस्तुमानात फारसा घोळ होत नाही. घोळ होतो तो त्रिज्येत.

माहितीच्या तक्त्यात कधी व्यास दिलेला असतो, कधी त्रिज्या. त्रिज्या असली तरी ती विषुववृत्तीय, ध्रुवीय किंवा सरासरी यांपैकी कुठलीही असू शकते. गुरूची विषुववृत्तीय त्रिज्या ७१,४९२ किलोमीटर, ध्रुवीय ६६,८५४ आणि सरासरी ६९,९११. शनीची अनुक्रमे ६०,२६८, ५४,३६४ आणि ५८,२३२. गणितात त्रिज्येचा वर्ग येतो, म्हणून त्रिज्येत १ टक्का चूक झाली की उत्तरात सुमारे २ टक्के चूक होते. शनीची सरासरी त्रिज्या घेतली तर ११.१९ येतं, विषुववृत्तीय घेतली तर १०.४४. सुरुवातीच्या तीन आकड्यांपैकी दोन इथून आले.

खडकाळ ग्रहांवरही हा फरक अगदीच नाहीसा होत नाही. मंगळाचं त्वरण कुठे ३.७१, कुठे ३.७३ दिसतं. ३,३९६ किलोमीटर ही विषुववृत्तीय त्रिज्या घेतली की ३.७१ येतं, ३,३८९.५ ही सरासरी घेतली की ३.७३. दोन आकड्यांत कुणीतरी छपाईची चूक केली असेल असं समजून एक खोडून टाकू नका.

मी स्वतः तुलनेसाठी विषुववृत्तीय त्रिज्या वापरतो. आठही ग्रहांसाठी ती सहज मिळते, आणि मोठ्या ग्रहांची १ बार पातळीही तिथलीच दिलेली असते. सरासरी वापरायला हरकत काहीच नाही, मात्र मग सगळीकडे सरासरी.

वस्तुमान लिहून घेताना दहाच्या घातावर बोट ठेवून वाचा. काही तक्त्यांत सगळी वस्तुमानं १० च्या २४ व्या घाताच्या पटीत देतात, म्हणजे मंगळ ०.६४२ आणि पृथ्वी ५.९७. दुसरीकडे मंगळ ६.४२ गुणिले १० चा २३ वा घात असा लिहितात. एकातला आकडा आणि दुसऱ्यातला घात उचलला की मंगळ दहापट जड होऊन पृथ्वीच्याही पुढे जातो.

## टप्पा ३: पहिलं गणित पृथ्वीचंच करा

थेट मंगळापासून सुरुवात करू नका. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे त्या ग्रहावर आपली पद्धत तपासा.

सूत्र असं:

गुरुत्व त्वरण = गुरुत्व स्थिरांक × वस्तुमान ÷ (त्रिज्या × त्रिज्या)

स्थिरांक ६.६७४ गुणिले १० चा उणे ११ वा घात. पृथ्वीचं वस्तुमान ५.९७२ गुणिले १० चा २४ वा घात किलोग्रॅम. सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, म्हणजे ६३,७१,००० मीटर.

1. आधी त्रिज्या मीटरमध्ये करा. हे सगळ्यांत पहिलं, वर्ग करण्याच्या आधी.
2. त्रिज्येचा वर्ग करून तो वेगळा लिहून ठेवा: ४.०५९ गुणिले १० चा १३ वा घात.
3. स्थिरांक गुणिले वस्तुमान वेगळं काढा: ३.९८६ गुणिले १० चा १४ वा घात.
4. आता भागाकार करा. उत्तर ९.८२.

विषुववृत्तीय त्रिज्या, ६,३७८ किलोमीटर, घेतलीत तर ९.८० येईल. यांपैकी एक आला की पुढे जा.

पडताळणी: उत्तर चुकलं तर ते कसं चुकलं यावरून कारण ओळखता येतं.

- २.४५ आलं: त्रिज्येऐवजी व्यास घातलात. बरोबर चौथा हिस्सा होतो.
- ९८ लाखांच्या आसपास आलं: त्रिज्या किलोमीटरमध्येच राहिली.
- सव्वासहा कोटींच्या घरात गेलं: त्रिज्येचा वर्ग करायचा राहिला.
- ९८.२ आलं: कॅल्क्युलेटरवर ‘गुणिले १०’ दाबून मग पुन्हा घाताची कळ दाबली. त्या कळीतच ‘गुणिले १० चा घात’ धरलेला असतो, त्यामुळे एक दहा जास्तीचा घुसतो. स्थिरांक आणि वस्तुमान दोन्हीकडे असं केलंत तर ९८२ येतं.
- ४ च्या पुढे १४ वा घात असं काहीतरी जशाच्या तसं परत आलं: ‘भागिले त्रिज्या गुणिले त्रिज्या’ असं ओळीने दाबलंत. कॅल्क्युलेटर डावीकडून उजवीकडे जातो. एकदा भागतो, एकदा गुणतो, आणि आकडा होता तिथेच येतो. कंस घाला किंवा दोनदा भागा.

ही यादी जवळ ठेवा. पृथ्वीवर जी चूक लगेच डोळ्यांत भरते ती नेपच्यूनवर लक्षातही येत नाही, कारण तिथलं खरं उत्तर पाठ नसतं.

## टप्पा ४: तुलनेसाठी गुणोत्तराची पद्धत वापरा

पृथ्वी जमली म्हणून आठही ग्रहांसाठी तेच लांबलचक गणित करत बसायची गरज नाही. पृथ्वीचं वस्तुमान १ आणि पृथ्वीची त्रिज्या १ धरा. मग

पृथ्वीच्या किती पट = वस्तुमान (पटीत) ÷ त्रिज्या (पटीत) ÷ त्रिज्या (पटीत)

स्थिरांक गेला, घात गेले, एककांचा प्रश्नच मिटला. मंगळाचं उदाहरण: वस्तुमान ०.१०७४ पट, त्रिज्या ०.५३२५ पट. त्रिज्येचा वर्ग ०.२८३६. भागाकार ०.३७९. म्हणजे मंगळावर पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के. त्वरण हवं असेल तर ९.८० ने गुणा: ३.७१.

इथे ९.८० का, ९.८१ किंवा ९.८२ का नाही? कारण खालच्या तक्त्यातल्या त्रिज्या विषुववृत्तीय आहेत, आणि विषुववृत्तीय त्रिज्येने पृथ्वीची निव्वळ ओढ ९.८० येते. सरासरी त्रिज्या वापरली असती तर ९.८२ ने गुणलं असतं.

| ग्रह | वस्तुमान (पृथ्वी = १) | विषुववृत्तीय त्रिज्या (पृथ्वी = १) | ओढ (पृथ्वी = १) | त्वरण |
|---|---|---|---|---|
| बुध | ०.०५५३ | ०.३८२५ | ०.३८ | ३.७० |
| शुक्र | ०.८१५ | ०.९४९ | ०.९१ | ८.८७ |
| मंगळ | ०.१०७४ | ०.५३२५ | ०.३८ | ३.७१ |
| गुरू | ३१७.८ | ११.२१ | २.५३ | २४.७९ |
| शनी | ९५.१६ | ९.४५ | १.०७ | १०.४४ |
| युरेनस | १४.५४ | ४.००७ | ०.९१ | ८.८७ |
| नेपच्यून | १७.१५ | ३.८८३ | १.१४ | ११.१५ |
| चंद्र | ०.०१२३ | ०.२७२५ | ०.१७ | १.६२ |

हा तक्ता निव्वळ ओढीचा आहे. फिरण्यामुळे होणारी घट यातून वजा केलेली नाही.

इशारा: त्रिज्येचं गुणोत्तर काढताना वर-खाली एकाच जातीची त्रिज्या ठेवा. गुरूची विषुववृत्तीय त्रिज्या पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येने भागणारे पुष्कळ भेटतात. चूक छोटी असते, म्हणूनच ती टिकून राहते.

तक्ता तयार झाल्यावर एकदा नुसता बघा. शनी पृथ्वीपेक्षा ९५ पट जड, तरी ओढ जेमतेम ७ टक्के जास्त. मंगळ बुधाच्या जवळपास दुप्पट जड, तरी दोघांची ओढ सारखीच. शुक्र आणि युरेनस यांच्यात साम्य म्हणावं असं काही नाही, तरी दोघांचा आकडा ८.८७. हे विचित्र वाटलं तर पुढचा टप्पा करा, मग वाटणार नाही.

## टप्पा ५: घनतेने उलटतपासणी

वस्तुमान वाढतं त्रिज्येच्या घनाने, आणि भागायचं असतं त्रिज्येच्या वर्गाने. त्यामुळे शेवटी उरतं ते एवढंच: ओढ ही सरासरी घनता आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. ‘ग्रह मोठा म्हणून ओढ मोठी’ हे अर्धंच खरं. मोठा आणि भरीव, दोन्ही पाहावं लागतं.

बुधाची घनता ५.४३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, सरासरी त्रिज्या २,४४० किलोमीटर. गुणाकार सुमारे १३,२५०. मंगळाची घनता ३.९३, त्रिज्या ३,३९०. गुणाकार सुमारे १३,३२०. बुध लहान आहे, पण त्याचा लोखंडी गाभा आकाराच्या मानाने फार मोठा, म्हणून तो भरीव. मंगळ मोठा पण तुलनेने हलका. हिशेब तिथेच बरोबरीत सुटतो. पृथ्वीचा गुणाकार ५.५१ गुणिले ६,३७१, म्हणजे सुमारे ३५,१००. १३,३२० भागिले ३५,१०० केलं की ०.३८ मिळतं.

शनीची घनता अवघी ०.६९, म्हणजे पाण्यापेक्षाही कमी. त्याची प्रचंड त्रिज्या इतक्या कमी घनतेने गुणली जाते, आणि आकडा पृथ्वीच्या आसपास येऊन थांबतो.

पडताळणी: टप्पा ४ मधलं गुणोत्तर आणि घनतेवरून आलेलं गुणोत्तर शेजारी ठेवा. खडकाळ ग्रहांसाठी एक-दोन टक्क्यांत जुळलं पाहिजे. गुरूसाठी चार-पाच टक्के आणि शनीसाठी सात-आठ टक्के तफावत येते, कारण घनतेच्या हिशेबात सरासरी त्रिज्या शिरते. त्याहून जास्त तफावत असेल तर एखादा आकडा चुकीचा उतरवला आहे.

## टप्पा ६: फिरण्यामुळे होणारी घट

हा टप्पा गुरू आणि शनीसाठी टाळता येत नाही. बाकीच्यांसाठी बऱ्याचदा टाळता येतो.

विषुववृत्तावरची घट अशी काढतात:

घट = ३९.४८ × विषुववृत्तीय त्रिज्या (मीटर) ÷ (परिवलनकाळ × परिवलनकाळ, सेकंदांत)

३९.४८ म्हणजे चार गुणिले पायचा वर्ग. पृथ्वीसाठी ही घट ०.०३४, मंगळासाठी ०.०१७, आणि शुक्राला स्वतःभोवती एक फेरी घ्यायला २४३ दिवस लागतात, म्हणून तिथे शून्यच समजा.

गुरू मात्र ९ तास ५५ मिनिटांच्या आसपास एक फेरी पूर्ण करतो, म्हणजे सुमारे ३५,७३० सेकंद. घट येते २.२१. शनी साडेदहा तासांहून थोड्या जास्त वेळात फिरतो. त्याची घट १.६ च्या आसपास.

इथे एक खोच आहे. २४.७९ मधून २.२१ वजा केले तर २२.५८ उरतात, पण छापील तक्त्यांत २३.१ दिसतं. शनीचं १०.४४ वजा १.६ म्हणजे ८.८, पण तक्त्यात ८.९६. तुमची वजाबाकी चुकलेली नसते. टप्पा ३ चं सूत्र ग्रह गोल आहे असं धरून चालतं. वेगाने फिरणारा ग्रह विषुववृत्ताशी फुगलेला असतो, आणि तो फुगवटा विषुववृत्तावरच्या वस्तूला थोडं जास्तच ओढतो. गुरूच्या बाबतीत ही भर सुमारे अर्ध्या एककाची आहे. तिचं पूर्ण गणित या लेखाच्या बाहेरचं. इतकंच करा: वजाबाकी करून आलेला आकडा छापील आकड्यापेक्षा थोडा कमी असला तर घाबरू नका, जास्त असला तर मात्र गणित पुन्हा तपासा.

युरेनस ८.८७ वरून ८.६९ वर येतो आणि नेपच्यून ११.१५ वरून ११.०० वर. क्रम फिरत नाही. शनी हा एकटाच असा, की घट धरल्यावर पृथ्वीच्या वरून खाली घसरतो. म्हणून ‘शनीवर वजन वाढतं की घटतं’ या प्रश्नाला टप्पा १ मध्ये काय ठरवलं होतं ते सांगितल्याशिवाय उत्तर देऊ नये.

नेहमीची चूक: परिवलनकाळ तासांतच घालणं. ३,६०० ने गुणायचं राहिलं की घट लाखोपटींनी जास्त येते आणि ग्रहाने सगळं बाहेर फेकून द्यायला हवं असं उत्तर निघतं. आणखी एक चूक त्याहून चोरटी आहे: मोठ्या ग्रहांची घट वजा केलेली (२३.१ आणि ९.०) आणि लहान ग्रहांची निव्वळ ओढ, अशी सरमिसळ.

## टप्पा ७: वजनाच्या भाषेत मांडताना

वाचकाला त्वरणापेक्षा ‘माझं वजन किती होईल’ हे लवकर कळतं. इथे शब्द जपून वापरा.

वस्तुमान कुठेही बदलत नाही. ६० किलोग्रॅमचा माणूस मंगळावरही ६० किलोग्रॅमचाच. बदलतं ते वजन, आणि ते न्यूटनमध्ये मोजतात: ६० × ३.७१, म्हणजे सुमारे २२३ न्यूटन. ‘मंगळावर २२.७ किलो’ असं जे म्हणतात त्याचा खरा अर्थ असा, की पृथ्वीवर जुळवलेला स्प्रिंगचा वजनकाटा तिथे नेला तर तो २२.७ दाखवेल. कारण त्या काट्याने न्यूटनला ९.८१ ने भागून किलो लिहायचं हे आधीच ठरवलेलं असतं.

दोन पारड्यांचा तराजू नेला तर तो मंगळावरही ६० दाखवेल. माप आणि माल दोन्ही सारख्याच प्रमाणात हलके होतात. कुठलं उपकरण धरलं आहे ते वाक्यात आलं की निम्मे वाद संपतात.

६० किलोग्रॅमच्या माणसासाठी स्प्रिंगचा काटा असं दाखवेल: चंद्रावर ९.९, बुधावर २२.६, मंगळावर २२.७, शुक्रावर आणि युरेनसवर ५४, नेपच्यूनवर ६८. गुरूवर निव्वळ ओढ धरली तर १५२, विषुववृत्तावरची घट धरली तर १४१. शनीवर अनुक्रमे ६४ आणि ५५.

शुक्रासाठी एक तळटीप हवी. तिथलं वातावरण पृथ्वीच्या सुमारे ९० पट दाबाचं आणि जमिनीलगत एका घनमीटरला सुमारे ६५ किलोग्रॅम इतकं दाट आहे. माणसाचं आकारमान ०.०६ घनमीटर धरलं तर तो जवळपास ४ किलोग्रॅम हवा बाजूला सारतो, आणि तेवढी उद्धरण शक्ती त्याला वर ढकलते. म्हणून काटा ५४ ऐवजी ५१ च्या जवळ दाखवेल. ओढ कमी झालेली नसते. काटा ओढ मोजत नसून आपल्यावर पडलेला भार मोजतो, एवढंच.

## टप्पा ८: उडी आणि पडणं यांत गल्लत करू नका

‘चंद्रावर गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश, म्हणून सगळं सहापट’ हे वाक्य ठोकून देण्याआधी काय सहापट, ते पाहा.

तेवढ्याच वेगाने वर उडी मारली तर उंची सहापट आणि हवेतला वेळही सहापट. पृथ्वीवर शरीराचा गुरुत्वमध्य अर्धा मीटर वर नेणारी उडी मंगळावर सुमारे १.३ मीटर आणि चंद्रावर ३ मीटर वर नेईल. हवेतला वेळ अनुक्रमे ०.६४, १.७ आणि ३.९ सेकंद.

पण ठरावीक उंचीवरून वस्तू सोडली तर वेळ वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतो. २ मीटरवरून सोडलेला दगड पृथ्वीवर ०.६४ सेकंदात, मंगळावर १.०४ सेकंदात आणि चंद्रावर १.५७ सेकंदात खाली येतो. चंद्रावर जेमतेम अडीच पट, सहापट नाही. लंबकाच्या आंदोलनाचा काळही याच वर्गमुळाच्या नियमाने वाढतो.

दोन्ही हिशेब हवा नाही असं धरून आहेत. चंद्रावर ते खरंच आहे: अपोलो १५ मोहिमेत १९७१ साली डेव्हिड स्कॉट यांनी हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडलं आणि दोन्ही एकदमच जमिनीवर पडलं. शुक्रावर हवेचा विरोध धरल्याशिवाय पडण्याचा वेळ सांगू नका.

## टप्पा ९: वस्तुमानावर शंका असेल तर चंद्राला विचारा

ग्रहाचं वस्तुमान कुणी तोलून काढलेलं नसतं. त्याच्याभोवती फिरणाऱ्या चंद्रावरून किंवा यानावरून ते निघतं, आणि हे तुम्हालाही करता येतं. शिवाय स्थिरांक आणि वस्तुमान वेगवेगळे लागतच नाहीत. त्यांचा गुणाकार थेट मिळतो:

गुणाकार = ३९.४८ × कक्षेच्या त्रिज्येचा घन ÷ प्रदक्षिणाकाळाचा वर्ग

मंगळाचा चंद्र फोबॉस घ्या. कक्षा ९,३७६ किलोमीटर, म्हणजे ९३,७६,००० मीटर. प्रदक्षिणाकाळ ७ तास ३९ मिनिटं, म्हणजे सुमारे २७,५५० सेकंद. गुणाकार येतो ४.२९ गुणिले १० चा १३ वा घात. त्याला मंगळाच्या विषुववृत्तीय त्रिज्येच्या वर्गाने, १.१५३ गुणिले १० च्या १३ व्या घाताने, भागा. ३.७२ मिळतं. वस्तुमान न पाहता उत्तर एका शतांशाच्या फरकाने जुळलं.

इशारा: कक्षेची त्रिज्या ग्रहाच्या केंद्रापासून मोजायची. फोबॉस मंगळाच्या जमिनीपासून सुमारे ६,००० किलोमीटरवर आहे. तो आकडा घातलात तर घन घेताना चूक फुगते आणि उत्तर जेमतेम १ येतं.

बुध आणि शुक्र यांना चंद्र नाहीत. तिथे जवळून गेलेल्या किंवा कक्षेत फिरलेल्या यानांच्या मार्गावरूनच हिशेब करावा लागतो.

## टप्पा १०: निष्कर्ष लिहिताना

आकडे बरोबर असूनही शेवटचं वाक्य चुकतं, हे फार होतं. तीन ठिकाणी थांबा.

ओढ सारखी म्हणजे सुटून जाणं सारखंच कठीण, असं नाही. शुक्र आणि युरेनस दोघांचा आकडा ८.८७, पण शुक्राचा मुक्तिवेग, म्हणजे ग्रहाच्या ओढीतून कायमचं सुटायला लागणारा वेग, सेकंदाला १०.४ किलोमीटर आणि युरेनसचा २१.३. मुक्तिवेग त्वरण आणि त्रिज्या या दोहोंच्या गुणाकारावर ठरतो, आणि युरेनसची त्रिज्या चौपटीहून जास्त. त्वरणाच्या तक्त्यावरून कुठला ग्रह वातावरण धरून ठेवेल हे सांगायला गेलात तर बुध आणि मंगळ लगेच अडवतील: ओढ सारखी, पण मंगळाला विरळ का होईना वातावरण आहे, बुधाला जवळजवळ नाहीच. तिथे मुक्तिवेग, तापमान आणि सूर्यापासूनचं अंतर असं सगळं हिशेबात येतं.

अंतराळवीर तरंगतात म्हणजे तिथे गुरुत्वाकर्षण नाही, हेही नको. जमिनीपासून ४०० किलोमीटर उंचीवर ६,३७१ ऐवजी ६,७७१ किलोमीटर घालून बघा: ८.७ येतं, म्हणजे पृथ्वीवरच्या ८९ टक्के. तिथे अंतराळस्थानक आणि माणूस एकत्रच पडत असतात, म्हणून भार जाणवत नाही.

शेवटचं ठिकाण दूरच्या ताऱ्यांभोवतालच्या ग्रहांचं. ताऱ्यासमोरून जाताना ग्रह किती प्रकाश अडवतो त्यावरून त्रिज्या कळते. ताऱ्याच्या डुलण्यावरून वस्तुमान कळतं, पण कक्षेचा कल ठाऊक नसेल तर ते किमान वस्तुमान असतं. दोन्ही मोजमापं असतील तरच हा ग्रह तक्त्यात घ्या. एकच असेल आणि दुसरं अंदाजाने भरलं असेल तर तो ग्रह तक्त्याबाहेर ठेवा. त्रिज्या कळलेली आणि वस्तुमान ‘किमान’ असेल, तर त्याच्या त्वरणापुढेही ‘किमान’ लिहा.